मैदान की पदवी?

खेळाडू दोन प्रकारचे असतात. एक हौशी आणि दुसरा व्यावसायिक. जो आनंदासाठी किंवा आपल्या गावाच्या, शाळेच्या नावासाठी खेळतो आणि पोटासाठी दुसरे काम करतो, तो हौशी खेळाडू. ज्याचे पोटच खेळावर चालते, तो व्यावसायिक खेळाडू. व्यवसाय म्हणजे तुम्ही उर्दूत ज्याला 'पेशा' म्हणता तोच. हा शब्द मराठीतही रुळलेला आहे. शिक्षकी पेशा, वकिली पेशा असे आपण म्हणतोच.

शाळेत असेपर्यंत हा फरक फारसा जाणवत नाही. सकाळी अभ्यास आणि संध्याकाळी मैदान, असे दोन्ही चालते. पण महाविद्यालयात गेल्यावर, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, चांगल्या खेळाडूसमोर एक प्रश्न उभा राहतो. शिक्षण पुरे करायचे, की ते सोडून खेळ हाच पेशा करायचा?

या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही. शिक्षण सोडून खेळाच्या मागे गेलेले काही जण जगभर गाजले. काहींना आज कोणी ओळखतही नाही. म्हणून कोण जिंकले आणि कोण हरले एवढेच आपण पाहणार नाही. त्यांनी निर्णय कसा घेतला आणि निर्णय चुकला असता तर त्यांच्या हाती काय उरले असते, हेही पाहणार आहोत.

हा प्रश्न इतका अवघड का आहे? पहिले कारण असे, की खेळ आणि शिक्षण या दोघांनाही एकच वय लागते. धावण्याची, उडी मारण्याची, चढाई करण्याची ताकद साधारणपणे विशीत सर्वांत जास्त असते. पदवीचा अभ्यासही त्याच सुमारास करायचा असतो. चाळिसाव्या वर्षी माणूस परीक्षेला बसू शकतो. पण चाळिसाव्या वर्षी त्याला कबड्डीच्या संघात नव्याने जागा मिळत नाही. दुसरे कारण असे, की खेळात जागा फार थोड्या असतात. शंभरांतला एक निवडला जातो आणि नव्याण्णव घरी परततात. तिसरे कारण दुखापतीचे. गुडघा एकदा मुरगळला की कित्येक महिने वाया जातात आणि कधी कधी खेळच संपतो.

आणखीही एक कारण आहे. 'आधी खेळतो, मग शिकेन' असे पुष्कळ जण म्हणतात. पण सोडलेली शाळा पुन्हा धरणे सोपे नसते. अभ्यासाची सवय मोडते. घरची जबाबदारी अंगावर येते. आपल्यापेक्षा लहान मुलांच्या शेजारी बसायची लाज वाटते.

पूर्वी आपल्या देशात हा प्रश्न निर्माणच होत नसे. कारण खेळावर पोट भरण्याची सोय नव्हती. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे पैलवान खाशाबा जाधव यांचे उदाहरण पाहा. १९५२ साली हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळवलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्या प्रवासासाठीही त्यांच्याजवळ पैसे नव्हते. ते कोल्हापूरच्या ज्या राजाराम महाविद्यालयात शिकले, तेथील प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना सात हजार रुपये उभे करून दिले. एवढे मोठे पदक मिळाल्यावरही खाशाबांना कुस्तीवर संसार चालवता आला नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले आणि नोकरीवरच त्यांचे घर चालले.

मुंबईच्या नागपाडा भागाचे उदाहरणही असेच आहे. ही वस्ती दाटीवाटीची, कष्टकऱ्यांची आणि मोठ्या प्रमाणात उर्दू बोलणाऱ्यांची. १९२० च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन गृहस्थांनी तेथे 'नागपाडा नेबरहुड हाउस' ही समाजसेवेची संस्था उभारली. पुढे नागपाडा बास्केटबॉलसाठी प्रसिद्ध झाला. तेथील अरुंद गल्ल्यांमधून भारताच्या संघात खेळणारे खेळाडू निघाले. त्यांपैकी अब्बास मुंतसीर हे भारताचे कर्णधार झाले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पण त्या काळी भारतात बास्केटबॉलची व्यावसायिक स्पर्धा नव्हती. चांगल्या खेळाडूने रेल्वे, बँक, पोलीस किंवा एखादी मोठी कंपनी यांच्या संघात शिरायचे, तेथे नोकरी करायची आणि त्या संघाकडून खेळायचे, हीच रीत होती. पगार नोकरीचा, नाव खेळाचे.

ही रीत आजही संपलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. ते २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला होते.

आता थोडे दूर जाऊ. शिक्षण की खेळ, या प्रश्नावर सर्वांत जास्त चर्चा होते ती अमेरिकेत. आणि तीही बास्केटबॉलच्या बाबतीत. या खेळाचा जन्मच तेथे झाला. १८९१ साली स्प्रिंगफील्ड गावातील जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घरातच खेळता यावे म्हणून भिंतीवर फळांच्या टोपल्या टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकायला लावले. टोपली म्हणजे बास्केट. त्यावरूनच खेळाचे नाव पडले.

अमेरिकेत साडेतीनशेहून अधिक महाविद्यालये व विद्यापीठे वरच्या दर्जाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतात. त्यांचे सामने पाहायला हजारो लोक येतात. या सगळ्या खेळाडूंचे डोळे लागलेले असतात ते 'एनबीए' या व्यावसायिक स्पर्धेकडे. पण तिच्यात संघ फक्त ३० आहेत. एका संघात साधारण १५ नियमित खेळाडू धरले, तरी सारे मिळून साडेचारशेच होतात. दरवर्षी नव्या खेळाडूंची जी निवड होते, तिच्यात जगभरातून सुमारे ६० जणच घेतले जातात. निवड झालेल्या प्रत्येकाला सामन्यात खेळायला मिळेल, याचीही खात्री नसते.

पूर्वी तेथे शाळा संपवून थेट व्यावसायिक संघात जाता येत असे. १९९६ साली कोबी ब्रायंट हे सतरा वर्षांचे असताना असेच गेले आणि फार मोठे खेळाडू झाले. पण त्यांच्यासारखे होऊ पाहणाऱ्या कित्येक मुलांना कोणीच निवडले नाही. शाळा संपली होती, महाविद्यालयात नाव नव्हते आणि संघही नव्हता. पुढे २००५ साली नियम बदलला. आता खेळाडू निदान १९ वर्षांचा असावा लागतो आणि अमेरिकन खेळाडूची शाळा संपून एक वर्ष झालेले असावे लागते.

आणखी एक चांगली सोय तेथे आहे. महाविद्यालयीन खेळाडू निवडीसाठी आपले नाव देतो, संघांसमोर चाचणी देतो आणि आपल्याला किती मागणी आहे याचा अंदाज घेतो. मागणी नाही असे दिसले, तर ठरलेल्या तारखेपूर्वी तो आपले नाव मागे घेऊन पुन्हा महाविद्यालयात खेळू शकतो. म्हणजे नदीत उडी घेण्याआधी पाणी किती खोल आहे ते पाहता येते.

तेथील तीन मोठ्या खेळाडूंनी या प्रश्नाची तीन उत्तरे दिली. टिम डंकन यांनी आपल्या आईला पदवी पुरी करण्याचे वचन दिले होते. ते चौदा वर्षांचे होण्याच्या आदल्या दिवशी त्यांची आई वारली. पुढे व्यावसायिक संघांकडून मोठी मागणी असतानाही ते चारही वर्षे महाविद्यालयात राहिले. मानसशास्त्राची पदवी घेतली आणि १९९७ साली पहिल्या क्रमांकावर निवडले गेले. त्यानंतर त्यांच्या संघाने पाच वेळा विजेतेपद मिळवले. चार वर्षे थांबल्याने त्यांचे काही बिघडले नाही.

मायकेल जॉर्डन यांनी तीन वर्षांनंतर, १९८४ साली, महाविद्यालय सोडले. पण ते परत आले आणि १९८६ साली भूगोलाची पदवी पुरी केली. शकील ओनील हे १९९२ साली महाविद्यालय सोडून गेले. त्यांनीही आईला वचन दिले होते. ते त्यांनी आठ वर्षांनी, २००० साली, पदवी घेऊन पुरे केले. तोपर्यंत ते कोट्यधीश झाले होते. त्या कागदाची पैशासाठी त्यांना गरज उरली नव्हती. तरीही ते परत आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अलीकडे तेथे परिस्थिती पालटली आहे. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना जाहिराती करून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. २०२५ पासून महाविद्यालयेही त्यांना थेट मोबदला देऊ लागली. त्यामुळे घाईघाईने महाविद्यालय सोडणाऱ्यांची संख्या घटली. यावरून एक गोष्ट कळते. अनेक मुले शिक्षणाला कंटाळून जात नव्हती. घरच्या गरजेपोटी जात होती. राहूनही चार पैसे मिळू लागले, तेव्हा ती राहू लागली.

आपल्या देशातील सतनाम सिंग यांची हकीकतही येथे सांगितली पाहिजे. पंजाबमधील बल्लो के या लहानशा गावातील हा सात फुटांहून उंच मुलगा २०१० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, बास्केटबॉल शिकण्यासाठी अमेरिकेत गेला. २०१५ साली डॅलसच्या संघाने त्यांची निवड केली. एनबीएने निवडलेले ते भारतात जन्मलेले पहिले खेळाडू होत. देशभर त्यांचे कौतुक झाले. ते महाविद्यालयाकडून न खेळता सरळ तेथे पोहोचले होते. पण त्यांना एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही. खालच्या स्पर्धेत खेळून ते परतले. पुढे ते व्यावसायिक कुस्तीकडे वळले. त्यांनी कष्ट कमी केले असे नाही. निवड होणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच यावरून समजायचे.

आता आपल्या महाराष्ट्रात परत येऊ. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील श्रीरामपूर हे गाव तुम्ही ऐकले असेल. वेगवान गोलंदाज झहीर खान तेथले. त्यांचे वडील छायाचित्रकार आणि आई शिक्षिका. अभ्यासात ते हुशार होते आणि अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांच्यासमोर होते. पण वयाच्या सतराव्या वर्षी ते क्रिकेटसाठी मुंबईला आले. तेथे नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईक यांनी त्यांची गोलंदाजी पाहिली. नाईक हे स्वतः भारताकडून कसोटी सामने खेळलेले जाणकार. या मुलात गुण आहेत, हे त्यांनी ओळखले. अभियंता व्हायचे की गोलंदाज, हा प्रश्न घरी निघाला, तेव्हा वडील मुलाच्या बाजूने उभे राहिले. पुढे चेन्नईच्या शिबिरात शिक्षण घेऊन झहीर बडोद्याच्या संघातून खेळू लागले आणि २००० साली भारताच्या संघात आले. त्यांनी ९२ कसोटी सामन्यांत ३११ बळी घेतले. २०११ चा विश्वचषक भारताने जिंकला, त्या स्पर्धेत त्यांचे २१ बळी होते. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ही कथा ऐकून कोणी म्हणेल, "बघा, शिक्षण सोडले म्हणून झहीर खान घडले." पण नीट पाहा. त्यांची पारख करणारा माणूस खेळातला जाणकार होता. निर्णय घरच्यांच्या संमतीने झाला होता. आणि क्रिकेटमध्ये जम बसला नसता, तरी पुन्हा अभ्यासाकडे वळता येईल एवढे शिक्षण त्यांच्या गाठीला होते. ते अंधारात धावले नाहीत.

याउलट अनिल कुंबळे यांचे पाहा. १९९० साली, एकोणिसाव्या वर्षी, ते भारताकडून पहिला कसोटी सामना खेळले. तेव्हा ते बंगळूरच्या महाविद्यालयात अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. दुसरा कसोटी सामना खेळायला त्यांना दोन वर्षे वाट पाहावी लागली. मधल्या काळात त्यांनी शिक्षण सोडले नाही आणि अभियंत्याची पदवी घेतली. नंतर त्यांनी कसोटीत ६१९ बळी मिळवले. १९९९ साली दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध एकाच डावात दहाच्या दहा बळी घेण्याचा पराक्रमही केला.

मराठीत एक म्हण आहे : 'हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.' कुंबळे यांनी हातचे सोडले नाही. झहीर खान मात्र पळत्याच्या मागे लागले आणि त्यांनी त्याला गाठलेही. म्हणजे ही म्हण प्रत्येक वेळी लागू पडत नाही. हातचे सोडावे लागले, तर ते पुन्हा हाती येईल का, हा विचार मात्र दोन्ही वेळा करावा लागतो.

आपल्या भागातील मुलांचा आवडता खेळ कबड्डी. २०१४ साली 'प्रो कबड्डी लीग' सुरू झाली आणि कबड्डीपटूंना प्रथमच मोठे पैसे मिळू लागले. खेळाडूंचा लिलाव होतो. म्हणजे संघ त्यांच्यावर बोली लावतात. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत यांच्यावर अडीच कोटी रुपयांहून अधिक बोली लागली. २०२३-२४ च्या मोसमाचे विजेतेपद पुण्याच्या 'पुणेरी पलटण' संघाने मिळवले. त्या संघाचे कर्णधार होते आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार. चीनमध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही ते होते.

हे वाचून छाती फुलते. पण हिशेबही करायला हवा. लीगमध्ये १२ संघ आहेत. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू घेता येतात. म्हणजे साऱ्या देशातून आणि परदेशातून मिळून तीनशेच्या आतच. २०२४ च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये होती. ही रक्कम लहान नाही. पण ती दरवर्षी मिळेलच असे नाही. मोसम संपल्यावर संघ खेळाडूला ठेवतो किंवा मोकळे करतो.

लीगही कायम टिकतात असे नाही. बास्केटबॉलची 'यूबीए' ही व्यावसायिक स्पर्धा २०१५ साली भारतात सुरू झाली आणि काही वर्षांतच थांबली. मुलींची अडचण तर अधिकच मोठी. प्रो कबड्डीबरोबर महिलांची स्पर्धा २०१६ साली घेतली गेली; पण ती पुढे चालू राहिली नाही. २०२३ पासून महिलांची क्रिकेट लीग मात्र सुरू झाली आहे. इतर खेळांतील मुलींना अजूनही नोकरीचाच आधार अधिक आहे.

आता एक उदाहरण मनात धरू. समजा, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील खापर गावचा एक मुलगा आहे. गुजरातची हद्द जवळ असलेले हे बाजाराचे गाव. मुलगा चपळ चढाईपटू आहे. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याची जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघात निवड झाली. तेथे त्याचा खेळ पाहून पुण्याच्या एका प्रशिक्षण केंद्राने निरोप धाडला : "ये. राहणे, जेवण आमच्याकडे. पगार नाही. दोन वर्षे मेहनत कर. लीगमध्ये संधी मिळू शकेल." घरी वडिलांचे लहानसे दुकान आहे आणि दोन बहिणी शिकत आहेत. आई म्हणते, "आता एकच वर्ष राहिले आहे रे, पदवी घे." मित्र म्हणतात, "असा मौका पुन्हा येणार नाही!" या मुलाने काय करावे?

त्याने आधी काही प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न : माझा खेळ चांगला आहे, असे कोण म्हणते? मित्र म्हणतात, की ज्याने असे शंभर खेळाडू पाहिले आहेत तो प्रशिक्षक म्हणतो? मित्रांचे प्रेम खरे असते, पण त्यांची पारख खरी असेलच असे नाही.

दुसरा प्रश्न : कागदावर काय लिहिले आहे? "संधी मिळू शकेल" म्हणजे मिळेलच असे नव्हे. करार किती वर्षांचा? दुखापत झाली, तर दवाखान्याचा खर्च कोण करणार? मध्येच दुसऱ्या संघाने बोलावले, तर जाता येईल का? करार समजत नसेल, तर शिक्षकांकडून किंवा वकिलाकडून तो समजून घ्यावा आणि मगच सही करावी.

तिसरा प्रश्न : जमले नाही, तर त्याची किंमत कोण देणार? श्रीमंत घरच्या मुलाची दोन वर्षे वाया गेली, तर तो तिसऱ्या वर्षी नव्याने सुरुवात करतो. गरीब घरच्या मुलाची दोन वर्षे गेली, तर कधी कधी बहिणीची शाळा सुटते. म्हणून हा निर्णय एकट्याचा नसतो. तो घरात बसून, सर्वांशी बोलून घ्यावा.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : परत येण्याची वाट उघडी आहे का? येथे आपल्या राज्यातील काही सोयी तुम्हाला ठाऊक हव्यात. दहावी-बारावीची शाळा सुटली असेल, तर सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून उर्दू माध्यमातूनही परीक्षा देता येते. पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली स्थापन झाले. तेथे रोज वर्गात न बसता, नोकरी किंवा सराव सांभाळून शिकता येते. खापरच्या त्या मुलाला पुण्यात राहूनही ही वाट धरता येईल. किंवा केंद्राला विनंती करून एक वर्ष थांबता येईल. एक वर्ष थांबायला केंद्र तयार नसेल, तर त्यांना आपली गरज किती आहे हेही त्यावरून कळेल.

येथे कोणी विचारेल, "खेळाडूला पदवी कशाला हवी? खेळाच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळते ना?" मिळते. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. पण खेळाचे प्रमाणपत्र एकटे चालत नाही. त्याला शिक्षणाच्या प्रमाणपत्राची जोड लागते. पोलीस शिपाई व्हायचे, तर बारावी उत्तीर्ण असावे लागते. रेल्वेच्या खेळाडू भरतीत खालच्या पदांना दहावी, त्यावरच्या पदांना बारावी आणि आणखी वरच्या पदांना पदवी लागते. खेळ तोच, पदक तेच. पण शिक्षण जितके अधिक, तितकी जागा वरची. म्हणून शिकलेली वर्षे खेळाडूच्याही उपयोगी पडतात.

हे सगळे विचारून झाल्यावर तो मुलगा पुण्याला गेला, तरी ते चूक म्हणता येणार नाही. आणि पदवीसाठी खापरला राहिला, तरी तो भित्रा ठरत नाही. विचार न करता, कोणाच्या तरी टाळ्या ऐकून निघून जाणे किंवा कोणाच्या तरी धाकाने मैदान कायमचे सोडणे, या दोन्ही गोष्टी मात्र वाईट.

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोडे जण मोठे खेळाडू होतील. पण हा प्रश्न दुसऱ्या रूपात तुमच्या सर्वांसमोर येणार आहे. कोणी म्हणेल, "दहावी कशाला करतोस? सुरतेला चल, कारखान्यात काम आहे." कोणी गॅरेजमध्ये बोलावील, कोणी दुकानावर बसवील. कमावण्यात कमीपणा काहीच नाही. घरची गरज असेल, तर कमवावेच लागते. तेव्हाही हेच चार प्रश्न आठवा. सांगणारा जाणकार आहे का? शब्द पक्का आहे का? फसले तर कोणाला सोसावे लागेल? आणि परतीची वाट कोणती?

पुढे जाणाऱ्याने पुढे जरूर जावे. फक्त निघण्यापूर्वी शाळेचा दाखला, गुणपत्रिका आणि खेळाची प्रमाणपत्रे एका पिशवीत नीट बांधून घरी सुरक्षित ठेवावीत आणि पुढची परीक्षा केव्हा व कोठून देणार, हे आईवडिलांना सांगून जावे.

स्वाध्याय

१. हौशी खेळाडू आणि व्यावसायिक खेळाडू यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. खाशाबा जाधव यांना ऑलिंपिकला जाण्यासाठी कोणी व कशी मदत केली?
३. झहीर खान आणि अनिल कुंबळे यांनी घेतलेल्या निर्णयांत काय फरक होता? दोघांच्या निर्णयांत तुम्हाला काय सारखे वाटते?
४. 'खेळाचे प्रमाणपत्र एकटे चालत नाही' असे लेखात का म्हटले आहे?
५. 'हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये' या अर्थाची उर्दू म्हण तुम्हाला ठाऊक आहे का? वर्गात सांगा.
६. खापरच्या मुलाच्या जागी तुम्ही असता, तर काय ठरवले असते? आठ-दहा ओळी लिहा.